चाकाची खुर्ची आणि घरातील जोडीदार



आपल्या देवस्थानच्या वतीने रुग्णोपयोगी साहित्य गरजूंना तात्पुरते वापरण्यास दिले जाते, हे आपणांस विदित आहेच. कुबड्या, वॉकर, हवेच्या गाद्या आणि चाकाच्या खुर्च्या यांचा त्यात समावेश आहे. खुर्ची नेणाऱ्या कुटुंबांचे दोन प्रकार आमच्या नोंदवहीत दिसतात. पहिला प्रकार खुब्याचे हाड मोडलेल्या आजी-आजोबांचा. दोन-तीन महिन्यांनी त्यांची खुर्ची परत येते, बरोबर पेढ्यांचा पुडाही येतो. दुसऱ्या प्रकारातील मंडळी मुदत वाढवून मागण्यास पुन्हा पुन्हा येतात आणि एके दिवशी त्यांच्या नावापुढे ‘स्वतःची खुर्ची घेतली’ असा शेरा पडतो. रस्त्यावरील अपघात, उंचावरून पडणे, मणक्याचा विकार, पक्षाघात, कारण कोणतेही असो. त्या घरातील पती वा पत्नी कार्यालयात बसून जे विचारतात ते बहुधा सारखेच असते. औषधपाण्याचे प्रश्न ते वैद्यांना विचारतात. आम्हांस विचारतात ते एवढेच, की आता आम्ही वागावे कसे? या लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. ‘खुर्चीला खिळला’ असे आपण सहज म्हणून जातो. वास्तविक ज्याला खुर्ची मिळत नाही तो अंथरुणाला खिळतो. खुर्ची मिळाली की तो अंगणात येतो, रस्त्यावर येतो, कामावर जातो. आपल्या शेजारच्या कोल्हापुरातील नसीमा हुरजूक यांना किशोरवयातच कमरेखालचे शरीर साथ देईनासे झाले. पुढे १९८४ मध्ये त्यांनी अपंगांसाठी ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था उभी केली आणि आपल्या आत्मकथनाला ‘चाकाची खुर्ची’ हेच नाव दिले. खुर्ची हे त्या माणसाचे पाय आहेत, एवढे ध्यानात घेतले तर जोडीदाराच्या वागणुकीतील निम्मे प्रश्न सुटतात असा आमचा अनुभव आहे. कोणाचे पाय आपण न विचारता उचलून दुसरीकडे ठेवीत नाही. खुर्चीही न विचारता ढकलू नये, वळवू नये, तिच्या मुठींवर पिशव्या अडकवू नयेत, आणि रात्री ती आवरून कोपऱ्यात तर मुळीच नेऊन ठेवू नये. खुर्ची हाताच्या अंतरावर नसेल तर पलंगावरील माणूस रात्रभर परावलंबी होतो. घर नीट आवरण्याची सवय असलेल्या गृहिणींकडून हे नकळत घडते, म्हणून मुद्दाम लिहिले.

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले तीन-चार महिने सर्वांत कठीण असतात. रुग्णालयात परिचारिका असतात, दिवस ठरलेला असतो, शेजारच्या खाटेवर आपल्यासारखाच कोणी असतो. घरी आल्यावर जुने सर्व जागच्या जागी दिसते आणि आपणच तेवढे बदललो आहोत हे तिथे प्रथम कळते. राग येतो, आणि तो जवळच्याच माणसावर निघतो. जेवणाचे ताट परत जाते. दिवसच्या दिवस बोलणे होत नाही. अशा वेळी ‘सगळे ठीक होईल’ असे म्हणणाऱ्या जोडीदाराचा हेतू चांगला असतो; परंतु ऐकणाऱ्याला त्यात आपले दुःख कोणी ऐकून घेत नाही एवढेच जाणवते. त्यापेक्षा शेजारी बसून राहावे. रडू आले तर दोघांनीही रडून घ्यावे. जोडीदाराचेही काही गेलेलेच असते. संध्याकाळचे बरोबर फिरणे गेले, पुढे आखलेले बरेच काही गेले. ते दुःख लपवून चोवीस तास हसतमुख राहण्याचा पण करणाऱ्या भगिनी आम्ही पाहिल्या आहेत, आणि वर्षाच्या आत त्यांनाच रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झालेल्याही पाहिल्या आहेत. झोप, भूक आणि जगण्यातील रस आठवडेच्या आठवडे परत आला नाही, किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलणे वारंवार होऊ लागले, तर मात्र विलंब न लावता मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. त्यात कमीपणा नाही.

याच काळात भेटावयास येणाऱ्यांची रीघ लागते. आपल्याकडे आजाऱ्याला भेटणे हे कर्तव्य मानतात आणि ते योग्यच आहे. पण येणारा प्रत्येकजण एक नवा वैद्य, एक नवे तेल, एक नवा नवस सांगून जातो. ‘पुन्हा चालता येईल ना?’ हा प्रश्न दिवसातून सहा वेळा विचारला जातो. शिवाय सर्व संभाषण डोक्यावरून चालते. ‘वहिनी, भाऊंना चहा चालतो का?’ असे पाहुणे विचारतात, आणि भाऊ तर समोरच बसलेले असतात! पाय गेले म्हणजे जीभही गेली असे लोकांना का वाटते, हे आम्हांस न उलगडलेले कोडे आहे. वहिनींनी अशा वेळी हसून ‘त्यांनाच विचारा ना’ एवढेच म्हणावे. दोन-चार वेळा असे झाले की नातेवाईक शिकतात. भेटीच्या वेळा ठरवून देणे, थकवा दिसताच पाहुण्यांना निरोप देणे, चमत्काराच्या उपायांवर पैसा जाऊ न देणे, हे दरवाजावरचे काम जोडीदारानेच करावयाचे आहे. खुर्चीतील माणसाला त्या दिवसांत ते जमत नाही.

आता शरीराकडे वळू. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचे पाय हलत नाहीत हे सर्वांना दिसते. त्याला कमरेखाली स्पर्श कळत नाही, हे दिसत नाही. आपण खुर्चीत बसल्या बसल्या नकळत शंभर वेळा अंग हलवतो, कारण बूड दुखते. ज्याला दुखणे कळतच नाही तो तासन्‌तास एकाच जागी बसतो, हाडाखालची कातडी दबून तिचा रक्तपुरवठा थांबतो आणि जखम होते. हिलाच रुग्णालयात बेडसोअर म्हणतात. ती बरी होण्यास महिने लागतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मज्जारज्जूची इजा झालेले बहुसंख्य रुग्ण याच जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने दगावत असत. इंग्लंडमधील स्टोक मँडेविल येथे १९४४ मध्ये डॉ. लुडविग गुट्टमान यांनी विभाग सुरू केला. रुग्णांची कूस नियमित बदलणे, मूत्राशयाची काळजी, व्यायाम, काम आणि खेळ यांवर त्यांनी भर दिला आणि हे चित्र पालटले. १९४८ मध्ये त्यांनी तेथे १६ रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. आजच्या पॅरालिम्पिकचे मूळ तेच. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोहण्यात सुवर्णपदक जिंकले, ते याच स्पर्धांच्या परंपरेत. एवढी सर्व वाट कूस बदलण्यापासून सुरू झाली, हे सांगण्याचा हेतू.

तेव्हा खुर्चीत बसलेले असताना दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलणे, किंवा पुढे अथवा बाजूला झुकून भार हलवणे, आणि अंथरुणात साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, हा नित्यनेम हवा. खुर्चीत चांगली गादी हवी. घरातील उशी दुमडून घातलेली चालत नाही. रोज एकदा आरशाने माकडहाड, बूड, खुबे आणि टाचा पाहाव्यात. लाल झालेली जागा बोटाने दाबूनही पांढरी होत नसेल, किंवा भार काढून अर्ध्या तासानेही लाली जात नसेल, तर त्या जागेवर पुन्हा भार देऊ नये आणि डॉक्टरांना दाखवावे. चहाचा गरम पेला मांडीवर ठेवणे, थंडीत पायाशी गरम पाण्याची पिशवी देणे, हे आपल्याकडे मायेने केले जाते आणि त्यानेच भाजते. भाजल्याचे त्या माणसाला कळतही नाही.

या सर्वांत जोडीदाराचा वाटा किती, हा खरा नाजूक प्रश्न आहे. आमचे मत असे, की ज्याचे हात चालतात त्याने आरसा स्वतःच धरावा. जोडीदाराने फक्त जिथे नजर पोहोचत नाही तेवढेच पाहावे. दर अर्ध्या तासाला ‘अंग उचललेत का?’ असे विचारणारी पत्नी हळूहळू पत्नी राहत नाही, पर्यवेक्षक होते. त्याऐवजी घड्याळाचा वा मोबाइलचा गजर लावून द्यावा. गजराचा राग कोणाला येत नाही.

लघवी आणि शौचाविषयी आपल्या समाजात मोकळेपणाने बोलले जात नाही, म्हणून घरोघरी हालअपेष्टा होतात. मूत्राशयावर ताबा नसलेल्या अनेकांना दिवसातून चार-सहा तासांच्या अंतराने स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करण्यास शिकवले जाते. हात चालत असतील तर बहुतेक जण हे स्वतः करण्यास शिकू शकतात, आणि शिकावे. पहिले काही दिवस जोडीदाराने केले तर हरकत नाही. पण ते कायमचे त्याच्या गळ्यात पडले तर दोघांपैकी एकालाही कधी मोकळे होता येत नाही. लग्नाला किंवा सहलीला जाताना सोबत कोण, हा एकच प्रश्न सर्व बेत मोडतो. शौचाची वेळही रोजची ठरवून घेता येते. शरीराला तशी सवय लागते. दांपत्यजीवनाविषयीही एक वाक्य लिहिणे आम्हांस अवश्य वाटते. ते संपत नाही. मज्जारज्जूची इजा झालेल्या स्त्रियांना मातृत्व प्राप्त होऊ शकते, पुरुषांच्या अडचणींवरही उपचार आहेत. संकोच सोडून दोघांनी मिळून डॉक्टरांना विचारावे.

एक धोक्याची खूण मात्र प्रत्येक जोडीदाराने पाठ करून ठेवावी. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर कधी अचानक डोके फुटेल असे दुखू लागते, चेहरा लाल होतो, घाम सुटतो आणि रक्तदाब भडकतो. बहुधा खाली कुठेतरी काही अडलेले असते. नळी पिळलेली असते, मूत्राशय भरलेले असते किंवा कपडा आवळलेला असतो. अशा वेळी आडवे करू नये; सरळ बसवावे, कपडे सैल करावेत, नळी तपासावी आणि त्वरित डॉक्टरांना गाठावे. विलंब झाल्यास हे प्राणावर बेतू शकते.

घराविषयी. शहापूर, वडगाव, अनगोळ या भागांतील जुन्या घरांना दोन-तीन दगडी पायऱ्या, आत उंच उंबरठा आणि मागे अरुंद मोरी असते. घरी आल्यावर प्रथम चार माणसे बोलावून खुर्ची उचलण्याची पद्धत पडते. ती मोडावी. उचलून नेलेल्या माणसाला दरवेळी चार जणांची वाट पाहावी लागते, आणि काही महिन्यांत तो बाहेर जाण्याचे नावच काढीत नाही. आमच्या परिचयातील एक भगिनी याच कारणाने दीड वर्ष उंबरठ्याबाहेर पडल्या नव्हत्या. पुढे घराला उतार झाला आणि त्या एकट्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे गेल्या. उताराचे माप सोपे आहे. उंचीच्या बारापट लांबी. १५ सेंटीमीटरची एक पायरी असेल तर १८० सेंटीमीटर, तीन पायऱ्यांना सुमारे साडेपाच मीटर. जागा नसेल तर वळण घ्यावे, पण उतार खडा करू नये. कित्येक कार्यालयांपुढे दिसणारे उतार हे दाखवण्यापुरतेच असतात. त्यांवरून खुर्ची चढत नाही, उतरताना मात्र सुटते. दरवाजा ९० सेंटीमीटर रुंद असावा आणि न्हाणीघरात खुर्ची वळवण्यास दीड मीटर मोकळी जागा असावी. तेवढी नसेल तर दार बाहेर उघडणारे करावे, त्याने बरीच जागा निघते. आपल्या पावसाळ्यात चाके चिखलाने भरून येतात, म्हणून दाराशी एक जाड फडके ठेवावे. हे क्षुल्लक वाटेल, पण ओल्या चाकांवरून हात घसरतो.

खुर्ची घेताना माप घेऊन घ्यावी. रुग्णालयात मिळते तशी रुंद, जड खुर्ची दुसऱ्याने ढकलण्यासाठी केलेली असते. स्वतः चालवावयाची खुर्ची हलकी, बसणाऱ्याच्या अंगाला बेताची आणि पायपट्टीची उंची जुळलेली असावी लागते. मद्रास आयआयटीतून निघालेल्या एका उद्योगाने मापानुसार बनविलेली ‘निओफ्लाय’ ही खुर्ची आणि तिला जोडून रस्त्यावर चालवावयाचे ‘निओबोल्ट’ हे विजेवरील वाहन बाजारात आणले आहे. कमी खर्चात हवी असेल तर केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेतून साहित्य मिळते. पलंगावरून खुर्चीत जाताना ब्रेक लावणे कधीही विसरू नये. काखेत हात घालून ओढण्याने त्याचे खांदे आणि आपली कंबर दोन्ही जातात. बसल्या बसल्या सरकण्याची गुळगुळीत फळी मिळते, ती वापरण्याचे तंत्र फिजिओथेरपिस्टकडून दोघांनी शिकून घ्यावे.

कागदपत्रांविषयी थोडक्यात, परंतु महत्त्वाचे. नोकरीत असताना अपंगत्व आले की अनेक कुटुंबे घाईने राजीनामा देतात, आणि पुष्कळदा तो अर्ज जोडीदारच लिहितो. कृपया तसे करू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० प्रमाणे सरकारी आस्थापनेला अशा कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा घटवता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर नेमावे लागते; तसे पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याला अधिसंख्य पदावर ठेवण्याचीही तरतूद आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी ओळखपत्र लवकर काढून घ्यावे. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाची अट असते. मात्र बँकेची, घराची, मुलांच्या शाळेची सही ज्याची त्यानेच करावी. ‘त्यांना कशाला त्रास’ म्हणून जोडीदाराने सर्व व्यवहार हाती घेतले, की खुर्चीतील माणूस स्वतःच्याच घरात पाहुणा होतो.

एक गोष्ट लिहिताना मन कचरते, तरी लिहितो. पती खुर्चीत आला तर पत्नीने सर्व सोसून सेवा करावी हे समाज गृहीत धरतो. पत्नी खुर्चीत आली तर मात्र ‘काही दिवस माहेरी राहू दे’ असे सुचविले जाते, आणि ते काही दिवस संपत नाहीत. आमच्या नोंदवहीतही खुर्ची माहेरच्या पत्त्यावर गेल्याच्या नोंदी आहेत. पतींना आमचे नम्र सांगणे आहे, की ओटा थोडा खाली घ्या, त्याखालची जागा मोकळी ठेवा, डबे हाताला येतील असे मांडा, आणि स्वयंपाक कोणी करावयाचा हे दोघे मिळून ठरवा. ज्या घरात हे झाले तेथील संसार पूर्ववत चालू आहेत. आणि पत्नी सेवा करीत असेल तेथे दीर, नणंद, शेजारी यांनी ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणून निघून जाऊ नये. गुरुवारी संध्याकाळी दोन तास आम्ही येतो, असे सांगावे आणि खरोखरच यावे.

देवस्थानच्या पूर्वेकडील दाराशी उतार आहे. उत्सवाच्या गर्दीत खुर्ची दिसल्यास वाट द्यावी. मदत हवी का असे खुर्चीतील व्यक्तीलाच विचारावे आणि नको म्हटल्यास राग मानू नये. चाकाच्या खुर्च्या कार्यालयात सकाळी ९ ते १२ या वेळेत मिळतात. नेताना ब्रेक, पायपट्ट्या आणि चारही चाके तपासून घ्यावीत. गादी स्वतंत्रपणे मागून घ्यावी. ती खुर्चीबरोबर आपोआप दिली जात नाही. खुर्ची कायमची लागणार असे दिसत असेल तर पहिल्याच महिन्यात तसे सांगावे, म्हणजे माप घेण्यासाठी जाणकार व्यक्तीस घरी पाठविता येईल.

आपला विनम्र,
सचिव, देवस्थान ट्रस्ट